आधी चिठ्ठी, मग पेढे

धाकटा भाऊ जामिनावर सुटला, त्याला घेऊन मी कन्हानला आलो, तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता. औषधाची चिठ्ठी नव्हती. आत त्याला गोळ्या सुरू होत्या. कोणत्या, किती, मी विचारलंच नाही.

घरी तो बंद दारासमोर उभा राहायचा. कडी आतूनच, पण कुणी ‘जा’ म्हटल्याशिवाय हात पुढे करत नसे. आईला रडू यायचं, मला राग. दहाव्या दिवशी त्याला कोळशाच्या ट्रकवर कामाला लावून दिलं. लवकरच त्याची झोप उडाली. रात्रभर अंगणात फेऱ्या, पुटपुटणं. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे. अंगारेधुपारे झाले आणि त्या गडबडीत कोर्टाची तारीख हुकली. वॉरंट निघालं, तो परत आत गेला. त्याच्या आजारापेक्षा माझी घाई नडली.

दुसऱ्या वेळी सुटकेआधीच तुरुंगात अर्ज देऊन निदान, गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहून घेतली, सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्याही. सुटका संध्याकाळी झाली तर ओपीडी बंद असते, हे ध्यानात ठेवा. त्याच आठवड्यात त्याला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेलं. ऑटोवाल्याला पत्ता सांगताना माझी जीभ अडखळली. तिथल्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’च म्हणतात. नावाला लाजून औषध चुकवू नका. बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने तर मुळीच बंद करू नका. दिवसभर पेंगत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा ते ठरवतील. झोप कमी झाली की औषधाची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. अडीनडीला 14416 हा टेलिमानसचा नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला आणि मनोरुग्णाला 1987 च्या कायद्याने वकील मोफत मिळतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला समाजात राहायचा हक्क दिलाय. पण हा हक्क घरातल्यांनाच पाळावा लागतो. कामाचं म्हणाल तर यावेळी फक्त सकाळचं दूध आणायला सांगितलं. पहिले काही दिवस मी दारापर्यंत सोबत जायचो, कडी मात्र त्यालाच काढू द्यायचो.

कॅलेंडरवर कोर्टाची तारीख लाल पेनाने आणि औषधाची निळ्याने लिहिलेली असते. येत्या मंगळवारी लाल आहे, गुरुवारी निळी. दोन्ही दिवशी मी सुट्टी टाकली आहे.