पुन्हा रायफल हाती घेताना



संसार आणि नोकरी यांच्या रेट्यात अडगळीत पडलेली तुझी .३०-०६ रायफल पन्नाशी ओलांडल्यावर तू पुन्हा बाहेर काढलीस, आणि कोलोरॅडोच्या येत्या हंगामात स्वहस्ते भरलेली काडतुसे घेऊनच एल्कच्या मागावर जाण्याचा तुझा संकल्प आहे, हे वाचून, साठीनंतर याच वाटेला पुन्हा लागलेल्या तुझ्या मामाला किती आनंद झाला असेल! मायदेशी १९७२ च्या कायद्याने शिकारीचे पर्व संपवले, ते उचितच झाले. येथे मात्र परवाना, हंगाम आणि मुकरर संख्या यांच्या अंमलाखाली ही विद्या अद्याप सन्मानाने नांदते आहे.

परंतु जुन्या वहीतले दारूचे माप तू जसेच्या तसे वापरणार आहेस, ते करू नकोस. ज्या पुंगळ्या, ज्या टोप्या, जी गोळी आणि दारूची जी खेप गृहीत धरून ते माप ठरले, त्यांपैकी आज तुझ्या मेजावर बहुधा काहीच नाही; आणि यांतला एक घटक बदलला तरी दाब बदलतो. म्हणून पुस्तकाच्या चालू आवृत्तीतील कमाल मापाहून शेकडा दहा कमी, येथून आरंभ करून पायरीपायरीने चढावे. ग्रेन म्हणजे पौंडाचा ७,००० वा भाग. इतक्या सूक्ष्म हिशेबात स्मृतीची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. जुन्या डब्यातून झोंबणारा आंबूस वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली, तर ती दारू टाकून दे. पुंगळीच्या बुडाच्या किंचित वर चकाकते कडे दिसले, तर टोक वाकवलेली तार आत घालून चाचपावे. खाच लागली की ती पुंगळी बाद. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, आणि गोळ्या बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहावे.

शिकारीच्या वेळी अंगावर पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र घालण्याचा तिथला नियम तुला ठाऊक आहेच.

मेजावर रायफल टेकवून साधलेल्या नेमावरून मात्र स्वतःची परीक्षा करू नकोस. चढणीने धाप लागलेली असताना, गुडघ्यावर बसून, ज्या अंतरावर तुझी प्रत्येक गोळी वीतभर वर्तुळात पडेल तेच तुझे अंतर. ते तारुण्यातल्या अंतराच्या निम्मे भरले तरी त्यापलीकडे गोळी सोडायची नाही, कारण जखमी होऊन झाडीत दिसेनासे झालेल्या जनावराच्या यातनांचे उत्तरदायित्व सर्वस्वी आपले असते.

चाचणीतल्या रिकाम्या पुंगळ्या, कोणत्या मापाची कोणती ते लिहून, माझ्याकडे पाठव. टोप्या कितपत चपट्या झाल्या आहेत ते मला पाहू दे, मग पुढचे माप ठरवू.

तुझा,
मामा