उंच केलेल्या जीपगाडीची थरथर : कारणे व निदान

पश्चिम रेल्वेच्या मुंबई-सुरत मार्गावर, सुरतेच्या थोडे दक्षिणेस सचिन हे स्थानक लागते. १९४८ पर्यंत हे गाव एका लहान संस्थानाची राजधानी होते व तेथील सिद्दी नवाबांचे घराणे मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे होते. आज सचिनची ओळख आहे ती तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. सुरत व तिच्या परिसरात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या मराठी भाषकांत खानदेशातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. सणासुदीला व लग्नकार्याला ही मंडळी पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर ह्या मार्गाने, कोंडाईबारी घाट ओलांडून साक्री-धुळ्याकडे जातात. महामार्गावर कोणतीही गाडी चालते. परंतु महामार्ग सोडून डोंगराकडील पाड्यांकडे वळले की ओढ्यातील दगडगोटे आणि पावसाने खचलेल्या चाकोऱ्या ह्यांच्याशी गाठ पडते. अशा वाटेवर जीपसारख्या, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीचा उपयोग होतो.

गाडीचे पोट दगडाला घासू नये म्हणून कित्येक मालक तिची उंची वाढवून घेतात. त्यासाठी स्प्रिंगमध्ये जादा पाटे घालतात, स्प्रिंग व ॲक्सल ह्यांच्यामध्ये ठोकळे बसवितात किंवा मूळच्यापेक्षा लांब शॅकल लावतात. गाडी उंच होते, रुबाबदारही दिसते. परंतु काही दिवसांतच ताशी ५०-६० किलोमीटर वेगाला बुडाखालून घरघर सुरू होते. मग टायर बदलले जातात आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस नवे घातले जातात. महिन्या-दोन महिन्यांत नवे क्रॉसही झिजतात व थरथर पुन्हा मूळपदावर येते. अशा वेळी दोष बहुधा एखाद्या सुट्या भागात नसून भागांच्या मांडणीत, म्हणजे त्यांच्यामधील कोनांत असतो. तो मोजल्यावाचून केलेला खर्च वाया जातो. हे मोजमाप कसे करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते

इंजिनाची शक्ती क्लच व गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागील ॲक्सलकडे व दुसरा पुढील ॲक्सलकडे जातो. ट्रान्सफर केस गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली असते, तर ॲक्सल स्प्रिंगवर सतत खालीवर होत असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना कोनात वळू शकणारा सांधा ठेवावा लागतो. ह्यालाच युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात व त्यातील अधिकचिन्हाच्या आकाराच्या भागाला आपले मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. इटलीतील जेरोलामो कार्दानो (१५०१-१५७६) आणि इंग्लंडमधील रॉबर्ट हूक (१६३५-१७०३) ह्या दोघांचीही नावे ह्या सांध्याला दिली जातात. शाफ्टची लांबी कमीजास्त होता यावी म्हणून त्यात एक सरकता सांधाही असतो.

सांध्याचा मूळ स्वभाव

युनिव्हर्सल जॉइंटचा एक स्वभावदोष ध्यानात ठेवला पाहिजे. त्याच्या एका बाजूचा दांडा एकसमान वेगाने फिरला तरी, सांधा कोनात असल्यास दुसऱ्या बाजूचा दांडा एकसमान वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोन वेळा किंचित पुढे धावतो व दोन वेळा किंचित मागे रेंगाळतो. हा चढउतार १० अंशांच्या कोनाला सुमारे दीड टक्का, १४ अंशांना सुमारे तीन टक्के आणि २० अंशांना सहा टक्क्यांहून अधिक असतो. म्हणजेच कोन दुप्पट झाला की चढउतार जवळजवळ चौपट होतो.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. पान्यांच्या संचात मिळणारा लहान युनिव्हर्सल जॉइंट घ्यावा. त्याच्या दोन्ही टोकांना कागदी चकत्या लावून त्यांवर ४५-४५ अंशांच्या खुणा कराव्यात. सांधा सुमारे ३० अंशांत वाकवून धरावा व पहिली चकती एकेक खूण फिरवावी. दुसरी चकती काही वेळा खुणेच्या पुढे, तर काही वेळा मागे थांबलेली विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल.

मग गाडी मुळात सुरळीत कशी चालते? शाफ्टच्या एका टोकाचा सांधा जो चढउतार निर्माण करतो, तो दुसऱ्या टोकाचा सांधा नाहीसा करतो. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत. दुसरी, शाफ्टवरील दोन्ही दुबेळकी एकाच पातळीत असली पाहिजेत. सरकता सांधा उघडून पुन्हा बसविताना एखादा दातही चुकला तर दुसरी अट मोडते. म्हणून त्यावर मुळातच बाणाच्या खुणा असतात. नसल्यास उघडण्यापूर्वी आपण कराव्यात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. दोन्ही कोन सारखे असले तरी मधला शाफ्ट स्वतः मागेपुढे झटके खातच फिरत असतो. त्यामुळे कोन सारखे पण फार मोठे असतील, तर थोडी थरथर व सांध्यांची झीज शिल्लक राहतेच.

उंची वाढविल्याने काय घडते

एक उदाहरण घेऊ. समजा, शाफ्टच्या दोन टोकांमधील आडवे अंतर ६० सेंटिमीटर आहे व ॲक्सलकडील टोक १५ सेंटिमीटर खाली आहे. शाफ्टचा उतार सुमारे १४ अंश होईल. आता गाडी ७.५ सेंटिमीटर उंच केली, तर उतार साडेवीस अंशांवर जाईल. हाच शाफ्ट १२० सेंटिमीटर लांबीचा असता, तर उतार ७ अंशांवरून साडेदहा अंशांवरच गेला असता. आखूड बांध्याच्या जीपला उंची अधिक का बाधते, हे ह्यावरून स्पष्ट होते. त्याच वेळी शाफ्टची लांबी सुमारे २.२ सेंटिमीटर वाढावी लागते, म्हणजेच सरकत्या सांध्याची पकड तेवढी कमी होते. खड्ड्यात चाक आणखी खाली लोंबले की पकड अधिकच घटते.

लांब शॅकल लावल्यास आणखी एक बदल घडतो. मागील स्प्रिंगचे शॅकल तिच्या मागच्या टोकाला असल्यास ते टोक खाली जाते व ॲक्सल वळून डिफरन्शियलच्या पिनियनचे तोंड वर होते. तोंड वर झाले की मागच्या सांध्याचा कोन कमी दिसतो व मालकाला बरे वाटते. परंतु पुढच्या सांध्याचा कोन तसाच राहिल्याने दोहोंमधील समानता नष्ट होते. अनेकांची फसगत होते ती येथेच.

निदानाची पहिली पायरी : गाडी चालवून पाहणे

प्रथम टायरमधील हवा योग्य करावी. चाकांच्या आतील बाजूस व शाफ्टला चिकटलेला चिखल धुऊन काढावा; केवळ एवढ्यानेही थरथर थांबल्याची उदाहरणे आहेत. त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर सोबत एक माणूस घेऊन पुढील निरीक्षणे करावीत.

१) गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग वाढवावा. थरथर आली तर शोध इंजिन, क्लच व त्यांच्या रबरी बैठकांकडे वळवावा.

२) ज्या वेगाला थरथर येते तोच वेग दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये ठेवून पाहावा. गिअर बदलूनही थरथर त्याच वेगाला येत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात, म्हणजे शाफ्ट, ॲक्सल वा चाके ह्यांत आहे.

३) थरथरीचा ठेका ओळखावा. चाकाचा परीघ २.३ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे करते. ॲक्सलचे गुणोत्तर ५ धरल्यास शाफ्ट सेकंदाला सुमारे ३६ फेरे करतो आणि सांध्याच्या कोनामुळे येणारे झटके त्याच्या दुप्पट, म्हणजे ७२ असतात. म्हणून स्टिअरिंग सावकाश डुलत असेल तर चाके तपासावीत. आसनाखाली बारीक घरघर किंवा गुणगुण येत असेल तर शाफ्ट तपासावा.

४) ॲक्सिलरेटर दाबताना व सोडल्यावर काय फरक पडतो, ते पाहावे. दोन्ही स्थितींत थरथर सारखीच राहिली, तर शाफ्टचा तोल बिघडल्याचा किंवा तो वाकल्याचा संशय घ्यावा. एकाच स्थितीत ती वाढत असेल, तर पिनियनच्या कोनाकडे पाहावे. कारण जोर लागला की मागील पिनियनचे तोंड थोडे वर उचलले जाते व जोर सुटला की खाली येते.

५) जुन्या जीपमध्ये पुढील चाकांना फ्री-व्हील हब नसल्यास दोन चाकांवर चालवितानाही पुढचा शाफ्ट फिरतच असतो. तो तात्पुरता काढून, केवळ मागील चाकांवर गाडी चालवून पाहावी. थरथर गेली तर मागच्या शाफ्टवर खर्च करण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या जीपचा हातब्रेक ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस असतो. अशा गाडीचा मागील शाफ्ट काढला की हातब्रेक चाकांना रोखू शकत नाही. म्हणून गाडीखाली शिरण्यापूर्वी सपाट जागा पाहून चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

दुसरी पायरी : हाताने तपासणे

इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये असताना शाफ्ट हाताने हलवून प्रत्येक क्रॉसमधील ढिलेपणा पाहावा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसल्यास आतील बेअरिंग कोरडे पडून गंजले आहे असे समजावे. शाफ्टच्या नळीला पोचा पडला आहे काय, तोलासाठी लावलेले लोखंडी तुकडे गळून पडले आहेत काय, बाणाच्या खुणा समोरासमोर आहेत काय आणि स्प्रिंगचे यू-बोल्ट घट्ट आहेत काय, हेही पाहावे. ढिला क्रॉस आढळल्यास तो बदलावा. परंतु तो का झिजला, ह्या प्रश्नाचे उत्तर पुढील पायरीत शोधावे.

तिसरी पायरी : कोन मोजणे

गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर व नेहमीच्या वजनासह उभी असावी. ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेली मापे उपयोगाची नाहीत. गवंड्याजवळ असते तसे कोन दाखविणारे साधन उत्तम. ते नसल्यास कोनमापकाला ओळंबा बांधूनही काम भागते. तीन उतार मोजून वहीत लिहावेत : ट्रान्सफर केसच्या बाहेर येणाऱ्या दांड्याचा, प्रोपेलर शाफ्टचा आणि पिनियनचा.

समजा, तिन्ही उतार मागच्या दिशेने खाली असून ते अनुक्रमे ४, १८ व ८ अंश आहेत. पुढच्या सांध्याचा कोन १८ उणे ४, म्हणजे १४ अंश. मागच्याचा १८ उणे ८, म्हणजे १० अंश. फरक ४ अंशांचा झाला. साधारणतः हा फरक एका अंशाच्या आत असावा. तेव्हा येथे पिनियनचे तोंड खाली आणून त्याचा उतार ४ अंशांच्या जवळ नेला पाहिजे. जोर लागल्यावर ते वर उचलले जाते, हे लक्षात घेऊन ३ अंश ठेवणेही योग्य ठरते.

उपाय व मर्यादा

सर्वांत स्वस्त व सुरक्षित उपाय म्हणजे वाढविलेली उंची कमी करणे. ते शक्य नसल्यास स्प्रिंगची बैठक व स्प्रिंग ह्यांच्यामध्ये मापाची पोलादी पाचर बसवून पिनियनचा कोन दुरुस्त करता येतो. ती मधल्या बोल्टने पक्की बांधलेली असावी. वायसर रचून किंवा लाकडी तुकडे घालून हे काम करू नये. शाफ्टचा उतार फारच मोठा असेल, तर ट्रान्सफर केसच्या बाजूस जोडसांधा असलेला शाफ्ट वापरतात. अशा शाफ्टसाठी नियम वेगळा आहे : पिनियनचे तोंड सरळ शाफ्टच्या रोखाने ठेवावे लागते. दोन साध्या सांध्यांचा व जोडसांध्याचा, हे दोन नियम एकमेकांत मिसळू नयेत. शाफ्टची लांबी बदलली तर यंत्रावर त्याचा तोल पुन्हा करून घेणे अगत्याचे आहे.

ही थरथर केवळ गैरसोयीची बाब नाही. शाफ्टचे पुढचे टोक धावत्या गाडीत निसटले तर ते रस्त्यात रुतू शकते. मागचे टोक निसटले तर फिरता शाफ्ट जवळच्या ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्यांवर आदळू शकतो. घाटात, माणसांनी भरलेल्या गाडीत ह्याचा परिणाम काय होईल ते सांगावयास नको. उंची वाढल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो व ती वळणावर कलंडण्याची भीती वाढते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मुळात दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. म्हणून उंची वाढविण्याचा विचार मनात येताच प्रथम परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ज्यांनी अजाणतेपणी फेरबदल करून घेतला आहे, त्यांनी गाडी मूळ स्थितीत आणण्याचा विचार अवश्य करावा. पुष्कळदा त्याच एका कामाने थरथरही थांबते.

मिस्त्रीकडे जाताना ‘गाडी थरथरते’ एवढेच न सांगता, किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, जोर देताना की सोडताना, आणि तिन्ही उतार किती, हे एका कागदावर लिहून न्यावे. कोनमापक व ओळंबा ह्यांना फारसा खर्च नाही. त्यांच्यावर अर्धा तास घालविल्यास अनावश्यक भागांचा खर्च वाचेल आणि घाटातून घरी जाणारी माणसे सुखरूप पोहोचतील.