बोर्ड सुरू होत नाही? आधी तो कोठे अडला ते शोधा

रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंच्या टेबलावर आता एक वेगळी वस्तू येऊ लागली आहे. तळहातावर मावणारा संगणकाचा बोर्ड. बिलाचे यंत्र, जाहिरातीचा पडदा, कारखान्यातील मोजणीचे यंत्र अशा ठिकाणी तो डब्यात बसवलेला असतो आणि त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. गिऱ्हाईक एवढेच सांगते, ‘लाइट गेली, परत आली, तेव्हापासून चालूच होत नाही.’

अशा वेळी बोर्ड जळाला म्हणून नवा बसवणे सोपे असते. पण पुष्कळदा बोर्ड चांगला असतो आणि दोष चार्जर, केबल किंवा मेमरी कार्डात असतो. मग गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात. घाईत कार्ड पुसले गेले तर त्याचा हिशेबही जातो. म्हणून या पाठात आम्ही दोष शोधण्याचा क्रम देत आहोत. उदाहरणासाठी २०१९ साली बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय ४’ हा बोर्ड घेतला आहे.

बोर्ड कसा जागा होतो?

वीज मिळाल्यावर बोर्ड चार पायऱ्या चढतो. पहिली, मुख्य चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम चालतो. दुसरी, तो बोर्डावरच्या एका लहान मेमरी चिपमधून बूटलोडर उचलतो. तिसरी, बूटलोडर कार्डाच्या पहिल्या भागातून सुरुवातीच्या फायली आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वाचतो. चौथी, कर्नल कार्डाचा दुसरा भाग जोडून घेतो आणि बाकीची कामे सुरू करतो. गिऱ्हाइकाचे काम आणि हिशेब याच दुसऱ्या भागात असतात. बोर्ड कोणत्या पायरीवर अडला हे कळले की निम्मी दुरुस्ती झाली.

१) आधी वीज तपासा

या बोर्डाला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा चार्जर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल येथे दगा देतात. नुसता चार्जर मोजू नका, कारण भार नसताना तो बरोबरच आकडा दाखवील. बोर्ड चालू ठेवून पिन क्रमांक २ आणि ६ यांमध्ये मल्टीमीटर लावा. पिनांच्या रांगेत टोक घसरू देऊ नका. दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की लाल दिवा मिचकावतो किंवा विझतो.

आणखी एक गोष्ट. या बोर्डाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत वीज घेण्याच्या सॉकेटच्या जोडणीत एक चूक राहिली होती. त्यामुळे लॅपटॉपच्या काही भारी, आत चिप असलेल्या केबलींवर तो वीजच घेत नाही. साध्या केबलीवर मात्र चालतो. तेव्हा केबल बदलून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

२) हिरव्या दिव्याची भाषा

हिरवा दिवा अनियमित लुकलुकत असेल तर बोर्ड कार्ड वाचत आहे. तो ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल आणि पुन्हा तेच करत असेल, तर तो दोष सांगत आहे. खुणा अशा:

४ छोट्या: सुरुवातीची ‘स्टार्ट’ फाइल सापडत नाही.
७ छोट्या: कर्नलची फाइल सापडत नाही.
८ छोट्या: बोर्डावरची रॅम बिघडली.
२ लांब व १ छोटी: कार्डाचा पहिला भाग फॅट पद्धतीचा नाही.
२ लांब व २ छोट्या: तो भाग वाचता येत नाही.

यांपैकी ८ छोट्या हीच खूण थेट बोर्डावर बोट ठेवते. बाकीच्या चारांत आधी कार्ड पाहावे. पडदा जोडायचा तर विजेच्या सॉकेटजवळच्या एचडीएमआयमध्ये, आणि वीज देण्यापूर्वी जोडावा.

३) कार्ड ही गिऱ्हाइकाची अमानत

आता गिऱ्हाइकाचे कार्ड काढून ठेवा आणि दुकानातले, प्रणाली भरलेले चांगले कार्ड घाला. बोर्ड सुरू झाला तर तो निर्दोष ठरला; दोष जुन्या कार्डात आहे.

येथे एक मोठा धोका आहे. ते कार्ड विंडोजच्या संगणकात घातले की दुसरा भाग त्याला ओळखता येत नाही आणि ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न तो विचारतो. येथे ‘होय’ कधीही दाबू नये. एका बटणात गिऱ्हाइकाचा हिशेब जाईल. आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, काढा. ती दुसऱ्या कार्डावर उतरवा आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करा. मूळ कार्ड नाव लिहून पाकिटात ठेवा.

चांगल्या कार्डानेही हिरवा दिवा हलला नाही, तर बूटलोडरची चिप बिघडलेली असू शकते. रास्पबेरी पाय इमेजर या मोफत प्रोग्रामने दुरुस्तीचे कार्ड तयार करता येते. ते घालून वीज दिल्यावर हिरवा दिवा सतत भरभर लुकलुकू लागला आणि पडदा हिरवा झाला, तर चिप पुन्हा लिहिली गेली. तसे झाले नाही, तरच बोर्डावर संशय घ्यावा.

४) बोर्डाचे बोलणे ऐका

दिवा ठीक, पण पुढे काही होत नाही, अशा वेळी सिरियल तार उपयोगी पडते. तिचा यूएसबी जोड ३.३ व्होल्टचाच घ्या. ५ व्होल्टने चिप जळू शकते. बोर्डाची पिन ६ म्हणजे ग्राउंड. पिन ८ जोडाच्या आरएक्सला आणि पिन १० टीएक्सला लावा. जोडाची लाल तार मोकळी सोडा. प्रतीच्या कार्डावरील ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘इनेबल यूएआरटी’ची किंमत १ करा. संगणकावर पुटी हा प्रोग्राम ११५२०० या वेगाने उघडा, की बोर्ड एकेक ओळ बोलू लागेल.

‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ किंवा ‘अनेबल टू माउंट रूट’ असे आले, तर कर्नल जागा झाला पण त्याला दुसरा भाग सापडला नाही किंवा जोडता आला नाही. त्या भागाचा ओळख क्रमांक ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये लिहिलेला असतो. फायली एकेक करून नव्या कार्डावर नेल्या की क्रमांक जुळत नाही. तसेच ही फाइल एकाच ओळीची असावी लागते. मध्ये एंटर पडले तरी काम बिघडते.

‘इमर्जन्सी मोड’ असे आले, तर बोर्ड आणि कर्नल दोन्ही शाबूत आहेत. बहुधा यादीतली एखादी बाहेरची डिस्क सापडत नाही किंवा कार्डावरील नोंदी विस्कटल्या आहेत. प्रतीचे कार्ड लिनक्सच्या दुसऱ्या संगणकात घालून, न जोडता, ‘एफएससीके’ने तपासावे.

राउटर किंवा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधील लिनक्स बोर्डांत फायलींची नावे आणि पिना वेगळ्या असतात, कार्डाऐवजी फ्लॅश चिप असते. पण पायऱ्यांचा क्रम साधारण हाच. पाटीवर हा क्रम लिहून टेबलासमोर लावा: वीज, दिवा, दुकानचे कार्ड, प्रत, तार. बिलावर ‘बोर्ड दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता कोणती वस्तू बिघडली ते लिहा. केबल बदलून काम झाले तर केबलचे आणि तपासणीचे पैसे घ्या. तपासणी हीसुद्धा मेहनत आहे आणि तिचा मोबदला मागण्यात संकोच नको. ज्याचा हिशेब सुखरूप परत मिळाला, ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही.