कोड न लिहिता अ‍ॅप : आपल्या व्याजाचा हिशोब आपल्या हातात



पेण आणि रोह्यातल्या गटांच्या बैठकांत एक प्रश्न नेहमी येतो : "ताई, हे मोबाईलचं अ‍ॅप बनवतं तरी कोण?" उत्तर सोपं आहे. ज्याला कामाचा नियम माहीत आहे, तो बनवू शकतो. आता त्यासाठी कोड, म्हणजे संगणकाची भाषा, लिहावीच लागते असं नाही. आणि व्याजाचा नियम तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून या वेळी व्याजाचं छोटं अ‍ॅप बनवायला शिकूया.

आधी हे पाहा. दहाएक वर्षांपूर्वी मुंबईत धारावीतल्या शाळकरी मुलींनी 'धारावी डायरी' या उपक्रमात अ‍ॅप बनवली. वस्तीत पाण्यासाठी रांग लागायची. म्हणून एक अ‍ॅप असं केलं की नंबर फोनवर लावायचा आणि आपली पाळी आली की फोननेच सांगायचं. दुसरं अ‍ॅप बाईवर प्रसंग आला तर मोठा आवाज करणारं आणि ती कुठे आहे ते कळवणारं. या मुली काही इंजिनिअर नव्हत्या. त्यांनी वापरलं ते साधन म्हणजे 'एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर'. ते 2010 मध्ये गुगलने आणलं आणि 2012 पासून अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ चालवतं. ते फुकट आहे.

आधी वही

संगणकाला हात लावण्याआधी वही उघडा. समजा, एका ताईने 10,000 रुपये कर्ज घेतलं. व्याज महिन्याला शेकडा 2 रुपये, आणि मुद्दल दरमहा 1,000 रुपये फेडायची. व्याज शिल्लक मुद्दलावर लावलं, तर असं होतं :

पहिला महिना : शिल्लक 10,000, व्याज 200
दुसरा महिना : शिल्लक 9,000, व्याज 180
तिसरा महिना : शिल्लक 8,000, व्याज 160
असं करत दहावा महिना : शिल्लक 1,000, व्याज 20

दहा महिन्यांचं एकूण व्याज 1,100 रुपये.

पण कुणी दर महिन्याला मूळ 10,000 वरच व्याज लावलं, तर 200 गुणिले 10, म्हणजे 2,000 रुपये जातात. दर तोच, "शेकडा दोन". फरक 900 रुपयांचा! म्हणून कर्ज कुठूनही घ्या, पहिला प्रश्न हाच विचारा : व्याज शिल्लक रकमेवर की मूळ रकमेवर?

आपला नियम झाला : शिल्लक मुद्दल गुणिले दर, भागिले 100. आपल्या अ‍ॅपच्या आत एवढंच असणार आहे.

आता अ‍ॅप

यासाठी इंटरनेट असलेला संगणक लागेल. शाळेत, एमएस-सीआयटी केंद्रात किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे सोय होते का पाहा. सोबत एक गुगल खातं आणि एक अँड्रॉइड फोन.

1. ब्राउझरमध्ये 'एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर' शोधा, खात्याने आत जा आणि नवीन प्रोजेक्ट सुरू करा. प्रोजेक्टचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. पडद्यावर दिसणारा बाकी मजकूर मराठीत लिहिता येतो.

2. मधे फोनचं चित्र दिसेल. डावीकडून त्यावर दोन 'टेक्स्टबॉक्स' ओढून ठेवा : एक शिल्लक मुद्दलासाठी, दुसरा दरासाठी. मग एक 'बटन' ठेवा आणि त्यावर "व्याज दाखवा" लिहा. शेवटी एक 'लेबल' ठेवा. उत्तर तिथे येईल.

3. दोन्ही टेक्स्टबॉक्सना 'नंबर्स ओन्ली' ही खूण करा. म्हणजे फक्त आकडे लिहिता येतील.

4. वर उजवीकडे 'ब्लॉक्स' दाबा. इथे रंगीत ठोकळे आहेत, लहान मुलांच्या जोडणीच्या खेळासारखे. बटनाचा पिवळसर ठोकळा घ्या : "बटन दाबलं की". त्याच्या आत लेबलचा हिरवा ठोकळा बसवा : "लेबलवर हे लिही". त्याला गणिताचे निळे ठोकळे जोडा : आधी भागाकार, त्याच्या डाव्या खाचेत गुणाकार, उजव्या खाचेत 100. गुणाकाराच्या दोन खाचांत दोन्ही टेक्स्टबॉक्सचे 'टेक्स्ट' ठोकळे बसवा.

5. फोनवर प्ले स्टोअरमधून एमआयटीचं 'एआय2 कंपॅनियन' घ्या. संगणकावर 'कनेक्ट' मध्ये 'एआय कंपॅनियन' निवडा, येणारा चौकोनी कोड फोनने स्कॅन करा. तुमचं अ‍ॅप फोनवर उघडेल. संगणक आणि फोन एकाच वाय-फायवर किंवा हॉटस्पॉटवर असले की जोडणी सोपी जाते.

तपासल्याशिवाय विश्वास नाही

10000 आणि 2 लिहून बटन दाबा. 200 आलं पाहिजे. 9000 लिहा, 180 आलं पाहिजे. वेगळं काही आलं तर ठोकळे चुकीच्या खाचेत बसलेत. एखादी जागा रिकामी सोडून बटन दाबलं तर अ‍ॅप चूक दाखवेल. घाबरू नका, फोन बिघडत नाही.

ताईंनो, अ‍ॅप स्वतः विचार करत नाही. त्यात मूळ रकमेचा नियम घातला, तर ते तितक्याच झटकन 2,000 रुपयांचा हिशोब दाखवेल. म्हणून "मोबाईलने सांगितलं" म्हणजे ते खरंच, असं धरू नका. वहीशी ताडून पाहा. गटाची वही बंद करायची नाही, तिच्यावर सह्या असतात.

तीन गोष्टी पाळा

• आधार क्रमांक, बँकेचा पिन किंवा ओटीपी अ‍ॅपमध्ये कधीही लिहायचा नाही.
• सभासदांची नावं किंवा कर्ज अ‍ॅपमध्ये घालायचं असेल, तर आधी बैठकीत ठराव घ्या. कुणाचं कर्ज किती, हे गावभर व्हायला नको.
• व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाने "झटपट कर्ज" म्हणून अ‍ॅप पाठवलं तर ते उघडू नका.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने आपल्या कर्जाचा या महिन्याचा व्याजाचा आकडा वहीत स्वतः काढा आणि सचिवताईंच्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर छान. नाही जुळला तर भांडण नको, दोघी मिळून पुन्हा मांडा. मग घरातल्या किंवा शेजारच्या शिकणाऱ्या मुलीला सोबत घेऊन वरचं अ‍ॅप करून पाहा. ठोकळे ती लावेल, नियम तुम्ही सांगा.

हे जमलं की याच पद्धतीने पापड-पोह्यांच्या ऑर्डरचा हिशोबही करता येईल : किलो गुणिले भाव, वजा आगाऊ रक्कम. नियम आधी वहीत लिहा. अ‍ॅप त्याच्या मागून येतं.