मोटारीतला गार गॅस

माठातले पाणी पाझरते, वाऱ्याने उडते आणि जाताना माठातली ऊब घेऊन जाते. मोटारीतली हवा गार होते ती जवळपास अशाच रीतीने. तिथे पाण्याऐवजी एक गॅस बंद नळ्यांतून फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. आतल्या जाळीत त्याची पुन्हा वाफ होते आणि गाडीतली ऊब तो उचलतो.

म्हणजे हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गाडीवाला म्हणतो, "गॅस संपला, मारून द्या." पण गॅस बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणेच की!

गॅरेजात काम शिकणारे पुष्कळजण पाना घेतात आणि सरळ नळीचा नट सोडतात. असे कधी करू नये. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. तो दाबाखाली कोंडलेला असतो. बाहेर सुटला की उणे २६ अंशांवर तो उकळतो. पाणी ० अंशाला गोठते. यावरून ही थंडी केवढी ते ताडावे. हातावर उडाला तर कातडी गोठते. डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती! म्हणून बाजूने बंद असलेला चष्मा आणि हातमोजे हवेतच.

हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गाडीखालच्या खड्ड्यात तो साठतो आणि तिथे उतरलेला माणूस गुदमरतो. जवळ वेल्डिंगची ज्योत असेल तर त्यापासून विषारी धूर होतो. विडीसुद्धा लांब ठेवावी. गळती पाहायला हवा भरू नये, नायट्रोजन वापरावा.

मग गॅस काढायचा कसा? त्यासाठी तो खेचून टाकीत साठवणारे यंत्र मिळते. यंत्र नसेल तर ते काम घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्वीचा आर-१२ गॅस आकाशातल्या ओझोनच्या थराला खाई. म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे देशादेशांत करार झाला. आर-१३४ए तसा नाही, पण हवेत सोडला तर पृथ्वी तापवतो.

गॅस भरण्यापूर्वी पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल अर्धा तास तरी ओढून काढतात. मग बॉनेटखालची चिठ्ठी पाहावी. अक्षरे इंग्रजी असली तरी आकडे ओळखता येतात. १३४ आहे की १२३४? दुसरा गॅस पेट घेऊ शकतो. त्याचे यंत्रही वेगळे लागते. शेजारी किती ग्रॅम ते लिहिलेले असते. तेवढाच वजन करून भरावा, अंदाजाने नव्हे.

इतके करूनही गॅस अंगावर उडालाच, तर ती जागा चोळू नये. कोमट पाण्यात धरावी. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि तडक डॉक्टरकडे न्यावे.