अंगणातली हिरवळ किती पाणी पिते?



आपल्यापैकी अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी खानदेशातून सुरतला आली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील लहान घरांतून काहीजण आता रो-हाउसमध्ये राहायला गेले आहेत. घरापुढे लहानसे अंगण आले आणि अंगणात हिरवळ आली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या हिरवळीला रोज किती पाणी लागते, असे विचारले तर नेमके उत्तर फार थोड्या घरांत मिळेल. म्हणून या अंकात आम्ही हा विषय पाठाच्या रूपाने घेत आहोत. यात थोडे गणित आहे, थोडे विज्ञान आहे आणि शेवटी एक उपक्रम आहे.

हे पाणी येते कोठून?

सुरतच्या नळाला प्रामुख्याने तापीचे पाणी येते. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून तापी भुसावळ, जळगाव, नंदुरबारच्या प्रदेशातून वाहत येते. वाटेत तिला पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा या नद्या मिळतात. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात तिचे पाणी साठते, तेथून काकरापार बंधाऱ्यावरून ते खाली येते आणि १९९५ साली बांधलेल्या सिंगणपोरच्या बंधाऱ्यामागे शहरासाठी अडवले जाते. म्हणजे आपल्या मूळ गावाच्या शिवारातून वाहिलेले पाणीच आपल्या नळाला येते. ते गाळून, जंतुनाशक घालून, पिण्यायोग्य करून घरोघरी पोहोचवले जाते. हिरवळीवर आपण ओततो ते हेच पिण्याचे पाणी.

एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर

आता गणिताकडे वळू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले तर ते बरोबर एक लिटर भरते. हे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या हिरवळीला दररोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागते. समजा, अंगण ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ २० चौरस मीटर, म्हणून रोजची गरज १०० लिटर. फवाऱ्याचे सगळे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. काही वाऱ्याने उडते, काही फरशीवर पडते. तीन-चतुर्थांश पाणी कामी आले असे धरल्यास रोज सुमारे १३५ लिटर सोडावे लागतील.

हा आकडा योगायोगाने फार बोलका आहे. शहरातील एका माणसाच्या घरगुती वापरासाठी आपल्या देशात धरले जाणारे दैनंदिन प्रमाणही १३५ लिटरच आहे. म्हणजे उन्हाळ्यात एवढी हिरवळ राखणे हे घरात एक माणूस वाढल्यासारखे आहे.

आता नळी हातात धरून पाणी घालण्याचा हिशेब पाहू. नळीखाली २० लिटरची बादली ठेवा व ती भरायला लागणारा वेळ मोजा. बादली एका मिनिटात भरत असेल, तर अर्ध्या तासात ६०० लिटर पाणी गेले. एका माणसाऐवजी जवळजवळ साडेचार माणसांचे पाणी! शहरातील अनेक वस्त्यांत पाणी ठराविक वेळेतच येते आणि तेथील आई-मावशांना दिवसभराचे पाणी तेवढ्या वेळात भरून ठेवावे लागते. त्या घरांच्या नजरेने हा आकडा पाहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

काळ्या मातीचा स्वभाव

सुरत परिसरातील बरीचशी जमीन काळी, चिकट आहे. कोरडी असता तिला भेगा पडतात आणि पहिले पाणी भराभर आत जाते. पण माती फुगून भेगा मिटल्या की पाणी अगदी सावकाश मुरते. त्यानंतर नळ चालू ठेवला तर पाणी वरच साचते किंवा रस्त्यावर वाहते. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात आणि डासांचीही सोय होते.

काळ्या मातीचा गुण असा की, एकदा मुरलेले पाणी ती धरून ठेवते. हिरवळीची बहुतेक मुळे वरच्या १० ते १५ सेंटिमीटरांत असतात. तेवढ्या मातीत दोन दिवसांचे पाणी सहज मावते. म्हणून रोज थोडे शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड १० मिलिमीटर पाणी द्यावे. तेही एका दमात न देता दोन-तीन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास थांबून द्यावे. मुळे पाण्यामागे खोल जातात आणि गवत कणखर होते.

वेळ पहाटेची उत्तम. तेव्हा वारा कमी असतो व बाष्पीभवनही कमी होते. गवतावरून चालल्यावर पावलाचे ठसे तसेच राहू लागले, की पाण्याची वेळ झाली असे समजावे.

तुषार की ठिबक?

हिरवळीसाठी तुषार सिंचन म्हणजे फवारे सोयीचे. एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्यापर्यंत पोहोचेल इतक्या अंतरावर ते बसवावेत. मात्र एक अडचण ध्यानात घ्यावी. पाण्याच्या टाकीची उंची १० मीटर असेल तेव्हा कोठे एक किलोचा दाब मिळतो. जमिनीतून वर येणाऱ्या फवाऱ्यांना साधारण दीड ते दोन किलो दाब लागतो. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीवर ते नीट चालत नाहीत, लहान पंप लावावा लागतो.

कुंड्या, कुंपणाची झुडपे व झाडे यांना ठिबक सिंचन योग्य. ठिबकची तोटी तासाला २ किंवा ४ लिटर पाणी अगदी मुळाशी सोडते. या पद्धतीचा आधुनिक प्रसार १९६५ नंतर इस्रायलमधून झाला. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ती शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि केळीच्या बागांनी ती उचलली. गावाकडे काकांच्या शेतात जी नळी आपण पाहतो, तीच अंगणातही चालते. बोअरच्या जड पाण्यातील क्षारांनी तोट्या बुजतात, म्हणून सुरुवातीला गाळणी बसवावी व ती दर आठवड्याला धुवावी.

आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते हिरवळीला नेहमी घालू नये, फरशी पुसण्यासाठी वापरावे. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र कुंड्यांना चालते.

ऋतूप्रमाणे बदल

ज्यांनी टायमर बसवला आहे त्यांनी तो एकदा लावून विसरू नये. हिवाळ्यात गरज बरीच कमी होते, तेव्हा तीन-चार दिवसांनी पाणी पुरते. सुरतला वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. या काळात टायमर बंद ठेवावा आणि मोठी उघडीप पडली तरच चालू करावा. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तरी घाबरू नये. हरळी म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. वरची पाती वाळली तरी जमिनीतील कांडी जिवंत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते.

उपक्रम : डब्यांचा प्रयोग

सरळ बाजूंचे सात-आठ सारखे रिकामे डबे हिरवळीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. फवारे १५ मिनिटे चालवा. प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून सरासरी काढा. सरासरी ५ मिलिमीटर आली, तर १० मिलिमीटरसाठी ३० मिनिटे लागतील. एका डब्यात १० आणि दुसऱ्यात २ मिलिमीटर आढळले, तर फवाऱ्यांची जागा किंवा दिशा बदलायला हवी. नाहीतर एक कोरडा कोपरा भिजवण्यासाठी आपण सगळे अंगण बुडवत राहतो.

घरी अंगण नसलेल्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या आवारातील कोणत्याही नळावर बादलीचा प्रयोग करावा. दोन्ही प्रयोगांची नोंद तारखेसह वहीत करून विज्ञानाच्या तासाला आणावी.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. शाळेच्या आवारातील झाडांना ठिबकची एक ओळ घालावी आणि बागेच्या पाण्यासाठी वेगळे मीटर बसवावे. मीटरची रोजची नोंद विद्यार्थीच ठेवतील. बाग किती माणसांचे पाणी पिते, हे मुलांना फळ्यावर लिहिलेले रोज दिसले, तर तो हिशेब ती घरीही नेतील.