होकायंत्रामागील गणित

होकायंत्राची सूची उत्तर दिशा दाखवते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः ती भौगोलिक उत्तरेकडे तंतोतंत क्वचितच वळते. भौगोलिक उत्तर दिशा आणि सूचीची दिशा यांमधील कोनाला 'दिक्पात' म्हणतात. हा कोन ठिकाणागणिक वेगळा असतो आणि काळानुसार बदलतो. म्हणूनच खलाशाला, वैमानिकाला आणि मोबाइलमधील नकाशालाही आपल्या जागेचा दिक्पात ठाऊक असावा लागतो. परंतु पृथ्वीच्या प्रत्येक बिंदूवर जाऊन मोजमाप घेणे अशक्य आहे. मग मोजलेल्या थोड्या ठिकाणांवरून न मोजलेल्या ठिकाणांविषयी कसे सांगावे?

जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिक गाऊस यांनी १८३९ मध्ये याचे उत्तर दिले. ८४ ठिकाणांची मूल्ये घेऊन त्यांनी २४ सहगुणक काढले. सहगुणक म्हणजे सूत्रातील अशा संख्या, की त्या एकदा ठरल्या म्हणजे कोणत्याही अक्षांश-रेखांशावरील चुंबकीय क्षेत्र काढता येते. अशा सूत्रालाच 'प्रतिमान' म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा उगम मुख्यत्वे तिच्या अंतर्भागात आहे, हेही या गणितातून स्पष्ट झाले.

आज हे काम संगणक करतो. जगभरातील वेधशाळांची आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या 'स्वार्म' या तीन उपग्रहांची असंख्य मोजमापे त्याला पुरवली जातात. प्रतिमानाने सांगितलेले मूल्य आणि प्रत्यक्ष मोजलेले मूल्य यांतील फरकाला 'अवशेष' म्हणतात. एका ठिकाणी अवशेष अधिक ३ आणि दुसऱ्या ठिकाणी उणे ३ आला, तर बेरीज शून्य होते. पण म्हणून प्रतिमान अचूक ठरत नाही. यासाठी प्रत्येक अवशेषाचा वर्ग करतात आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल, असे सहगुणक सॉफ्टवेअर शोधते. ही 'लघुतम वर्ग पद्धत' होय.

मग सहगुणक वाढवत जाऊन सर्व अवशेष शून्य करावेत का? तसे करणे योग्य नव्हे. आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्रात मुख्य क्षेत्रासाठी १९५ सहगुणक असतात. त्याहून बारीक तपशील प्रामुख्याने भूकवचातील खडकांचे असतात. गाभ्यातून येणारे क्षेत्र त्यांच्याआड झाकले जाते. प्रत्येक आकड्यापुढे मान तुकवणारे प्रतिमान जवळच्या लोखंडी खांबाचा परिणामही पृथ्वीच्या नावावर मांडील.

मोजमापच दूषित झाले, तर सॉफ्टवेअरवर सर्वस्वी विसंबता येत नाही. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार हे स्पष्ट झाले, तेव्हा विद्युत्प्रवाहामुळे या नोंदी बिघडण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कार्यकाळात १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा सुरू झाली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे दोन्ही ठिकाणांतील फरक समजला आणि १८४१ पासूनची मालिका तुटली नाही. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. तोवर उपकरणे सुरक्षित स्थळी पोहोचली होती.

उत्तम प्रतिमानही कायमचे नसते. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोह सतत हलत असते. त्यामुळे नौकानयनासाठी वापरले जाणारे जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. २०१५ चे प्रतिमान २०१९ च्या अखेरपर्यंत चालावयाचे होते. परंतु आर्क्टिक प्रदेशात त्याची चूक मर्यादेबाहेर गेली आणि फेब्रुवारी २०१९ मध्येच सुधारित आवृत्ती काढावी लागली. सतत मोजमाप चालू होते, म्हणूनच ही चूक उघड झाली. संगणक आकडे जुळवतो. मात्र ते आकडे विश्वासार्ह आहेत का आणि उरलेला फरक काय सांगतो, हे माणसालाच पाहावे लागते.

पाठावरील प्रश्न

१. अवशेषांची नुसती बेरीज न करता त्यांचे वर्ग का करतात?
२. कुलाबा व अलिबाग येथे दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेतल्याने काय साधले?
३. 'सर्व आकड्यांशी जुळणारे प्रतिमान उत्तम असतेच असे नाही.' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.